निकाल मान्य नसेल तर कुठे?

हिंगोलीत २०१४ची लोकसभा राजीव सातव यांनी अवघ्या १,६३२ मतांनी जिंकली. सुभाष वानखेडे काठावर हरले. अशा निकालाला आव्हान द्यायचं तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. १९६६पर्यंत हे काम न्यायाधिकरणं करत. हिंगोलीसाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरचं. तिथले न्यायमूर्ती न्यायवृंद, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ, सुचवतो. सरकारला वाटा देणारा नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रद्द केला.

आमदारांच्या पक्षांतराचा वाद मात्र आधी विधानसभा अध्यक्षांपुढे, आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधाऱ्यांचाच! शिवसेना फुटली तेव्हा कळमनुरीचे आमदार संतोष बांगर ३ जुलै २०२२ला उद्धव ठाकरेंसोबत होते, दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठरावाला एकनाथ शिंदेंसोबत. शिवसेनेच्या अपात्रता याचिकांवर अध्यक्ष राहुल नार्वेकरांचा निकाल १० जानेवारी २०२४ला आला. दोन्ही गटांतलं कोणीच अपात्र ठरलं नाही.