रंगाचा पातळपणा

लहान प्रमाणावरील प्रतिकृती तयार करणाऱ्याची खरी कसोटी जुळणीच्या वेळी नव्हे, तर रंगकामाच्या वेळी लागते. एखाद्या विमानाचे पॉलिस्टायरीनचे सुटे भाग घासूनपुसून जोडण्यात महिना-दोन महिने सहज जातात, आणि बिघडलेला एकच फवारा हे सारे श्रम क्षणात मातीमोल करू शकतो. हा दोष बहुधा हाताचा नसतो. प्याल्यातील रंग हवा तसा पातळ झालेला नसतो, एवढेच.

लेप पातळ का हवा, हे प्रमाणाच्या साध्या हिशेबावरून कळते. स्पिटफायर विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे 11.2 मीटर होता. 1:72 या प्रमाणात तो साडेपंधरा सेंटिमीटरांच्या आसपास येतो. अशा प्रतिकृतीवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा रंग बसला, तर मूळ विमानावर सात मिलिमीटरांहून जाड थर थापल्यासारखे ते होईल. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा त्याखाली बुजून जातात. साध्या कुंचल्याने पुरेसा पातळ आणि सर्वत्र सारखा लेप देणे अशक्य नसले तरी फार अवघड आहे. म्हणून हवेच्या कुंचल्याचा, म्हणजे एअरब्रशचा, आश्रय घेतला जातो.

हे उपकरण प्रतिकृतींसाठी जन्माला आले नाही. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ॲब्नर पीलर याने 1870 नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याचे प्राथमिक रूप घडविले आणि 1890 नंतरच्या दशकाच्या आरंभी चार्ल्स बर्डिक याने त्यात मोठी सुधारणा केली. छायाचित्रांवर रंगाचा हात फिरविणारे कारागीर ते दीर्घकाळ वापरीत आले. त्याचे कार्य असे चालते : सुईच्या टोकाभोवतून दाबाखालील हवा वेगाने बाहेर पडते, तेथे दाब घटतो, त्यामुळे तोटीतील रंग पुढे ओढला जातो आणि हवेच्या झोताने त्याचे बारीक तुषार होतात. या तोटीचे छिद्र सामान्यतः 0.2 ते 0.5 मिलिमीटर असते. बाटलीतील रंग कुंचल्यासाठी केलेला असतो. तो इतक्या अरुंद वाटेने एक तर जातच नाही, किंवा गेलाच तर थुंकल्यासारखा ठिपक्याठिपक्यांनी पडतो.

तेव्हा रंग पातळ करावयाचा हे ठरले. पण कशाने? नवशिक्याची फसगत येथेच होते. बाटलीवर ‘ॲक्रिलिक’ हा एकच शब्द असला, तरी आत दोन अगदी भिन्न पदार्थ असू शकतात.

पहिला प्रकार पायसाचा. 1953 साली अमेरिकेतील रोम अँड हास या कंपनीने घरांच्या रंगांसाठी ॲक्रिलिक पायस बाजारात आणले, त्याच कुळातील हे रंग होत. बार्सिलोनाजवळचे उत्पादक व्हाल्येहो यांचे रंग या जातीचे आहेत. दुधात स्निग्धांशाचे कण तरंगत असतात, त्याप्रमाणे यात बहुवारिकाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडून गेले की कण एकमेकांना भिडतात, दाबले जातात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा बनतो. तो एकदा बनला की पाण्यात पुन्हा विरघळत नाही.

दुसऱ्या प्रकारात ॲक्रिलिक राळ अल्कोहोलासारख्या विद्रावकांत विरघळविलेली असते. जपानमधील शिझुओका येथील टामिया कंपनीचे रंग या वर्गातले. ओले असताना ते पाण्यातही मिसळतात, आणि त्यामुळे गोंधळात भर पडते; परंतु त्यांची खरी मैत्री आयसोप्रोपिल अल्कोहोलाशी. त्याने पातळ केलेला टामियाचा रंग तोटीतून सुरेख वाहतो. तेच अल्कोहोल पायसाच्या रंगात ओतले, तर कणांना परस्परांपासून दूर ठेवणारी व्यवस्था मोडते, आणि दूध नासावे तसा तो रंग नासतो. प्याल्यात गुठळ्या होतात, तोटी तुंबते आणि दोष उपकरणाच्या माथी मारला जातो. ज्या उत्पादकाचा रंग, त्याचाच थिनर, हा जुन्या कारागिरांचा सल्ला काटकसरीच्या दृष्टीने कोणास पटणार नाही, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो बिनचूक आहे.

पायसाच्या रंगात नुसते पाणी का घालू नये, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. थोडे घातल्यास बिघडत नाही. मात्र पाण्याचा पृष्ठताण फार मोठा, अल्कोहोलाच्या तिपटीहून अधिक. आणि पॉलिस्टायरीनला पाण्याचे वावडे. त्यामुळे पाणी जास्त झालेला रंग पृष्ठभागावर पसरण्याऐवजी अळवावरील पाण्यासारखा थेंब धरून बसतो. शिवाय रंजकद्रव्याला धरून ठेवणाऱ्या बंधकाचे प्रमाण त्यात घटते व वाळलेला रंग नखानेही निघू लागतो. उत्पादकांच्या थिनरमध्ये पृष्ठताण कमी करणारी आणि वाळणे लांबविणारी द्रव्ये घातलेली असतात. भागांना चिकटलेला साच्याचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने आधी धुऊन काढणे, हेही याच कारणासाठी आवश्यक ठरते.

प्रमाण किती, याला एकच उत्तर नाही. एका भागास एक भाग थिनर हा आरंभ समजावा. टामियाच्या रंगात पुष्कळदा दोन भागही चालतो, तर फवाऱ्यासाठीच बनविलेल्या काही रंगांत जवळजवळ काहीच घालावे लागत नाही. एकाच उत्पादकाचा पांढरा आणि काळा सारखे वागत नाहीत. खरी परीक्षा डोळ्यांची : प्याला किंचित कलता करून सरळ केला असता रंग दुधाप्रमाणे भिंतीवरून ओघळावा आणि मागे अर्धपारदर्शक थर ठेवून सावकाश खाली उतरावा. एकदम साफ निथळला तर तो अति पातळ. सायीसारखा अडून बसला तर दाट. पहिला फवारा प्रतिकृतीवर मारण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. टाकाऊ प्लॅस्टिकचा चमचा त्यासाठी उत्तम.

पातळपणा आणि हवेचा दाब यांची जोडी जमवावी लागते. सामान्य कामाला दर चौरस इंचास 15 ते 20 पौंड दाब पुरतो. दुसऱ्या महायुद्धातील मेसरश्मिट 109 विमानांच्या कुशीवर मऊ कडांचे ठिपके असत. प्रतिकृतीवर ते जेमतेम काही मिलिमीटरांचे भरतात. ते काढताना रंग अधिक पातळ करून, दाब दहा-बारा पौंडांवर आणून, तोटी पृष्ठभागाच्या अगदी जवळ न्यावी लागते. दाब तसाच राहिला, तर पातळ रंग कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळतो. उलट रंग दाट किंवा अंतर जास्त असल्यास तुषार वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा खरखरीत होतो. उत्तर भारतातील मे महिन्याच्या कोरड्या हवेत हा दुसरा दोष विशेष त्रास देतो. तेव्हा वाळणे लांबविणारे द्रव्य दोन थेंब घालण्याला पर्याय नाही.

अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, आणि पाण्याच्या रंगाचे तुषारही फुप्फुसांना सोसत नाहीत. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही आणि तोंडावर योग्य मुखपट्टी, ही तयारी कामाआधीची. कामामधली एक सवय लावून घ्यावी : दर काही मिनिटांनी सुईच्या टोकावर वाळलेला रंग, त्या रंगाच्याच थिनरमध्ये भिजविलेल्या बोळ्याने पुसून काढावा. रंग बदलताना मात्र प्याला, तोटी आणि सुई पूर्ण स्वच्छ केल्याखेरीज पुढचा थेंबही आत पडू देऊ नये.