वापरातून गेलेल्या आज्ञावली आणि त्यांचा लोप

पाणिनीने लोपाची व्याख्या ‘अदर्शन’ अशी केली आहे. अदर्शन म्हणजे अभाव नव्हे, हे व्याकरणाच्या अभ्यासकास सांगावयास नकोच. ‘अग्निचित्’ या शब्दात क्विप् प्रत्ययाचा एकही वर्ण उरत नाही. तथापि शेवटचा ‘त्’ येतो तो त्या गेलेल्या प्रत्ययामुळेच. संगणकावरील जुन्या आज्ञावली व फाईली काढून टाकण्याचा प्रश्न याच भेदापाशी येऊन ठेपतो. वापरात नसणे, दृष्टीस न पडणे आणि मुळात नसणे या तीन निरनिराळ्या अवस्था होत. व्यवहारात मात्र त्या सर्रास एक मानल्या जातात.

दृष्टीस न पडण्याचे उदाहरण नित्याचेच आहे. फॅट या रचनेच्या पेन ड्राइव्हवरील फाईल ‘पुसली’ असे म्हणतात, तेव्हा सूचीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलते आणि तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. मजकूर जागच्या जागी राहतो. त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो बहुधा परत मिळविता येतो. मोबाईलच्या पडद्यावरील चिन्ह हलविले म्हणजे ॲप गेले असे नव्हे, आणि ॲप गेले म्हणजे त्या सेवेकडील खाते मिटले असेही नव्हे.

वापरात नसणे ही अवस्था याहून फसवी आहे. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या पेढीच्या संगणकांवर ‘पॉवर पेग’ नावाची एक आज्ञावली होती. मोठी मागणी आली की तिचे लहान तुकडे करून ते बाजारात धाडणे आणि मागणी पूर्ण होताच थांबणे, हे तिचे काम. २००३ मध्ये पेढीने तिचा वापर सोडला. ती काढून मात्र टाकली नाही. २००५ मध्ये पूर्ण झालेल्या शेअरांची मोजदाद करणारा भाग दुसरीकडे हलविण्यात आला. त्यामुळे कोठे थांबावे हे समजण्याचे साधनच पॉवर पेगपाशी उरले नाही. वापरच नसल्याने या बदलानंतर तिची चाचणीही कोणी घेतली नाही.

२०१२ च्या जुलैअखेर तिच्या जागी नवी आज्ञावली बसविण्याचे ठरले. जुनीला जागे करणारी खूणच नवीसाठी योजली गेली. आठ संगणकांपैकी सातांवर नवी आज्ञावली चढली, आठवा राहून गेला, आणि ते कोणी पडताळून पाहिले नाही. १ ऑगस्टला बाजार उघडताच आठव्यावर पॉवर पेग जागी झाली. ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्यांपोटी सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. १५४ कंपन्यांचे ३९ कोटी ७० लाखांवर शेअर त्यांत गुंतले. दोष नव्या आज्ञावलीत असावा, अशा समजुतीने ती उरलेल्या सातांवरूनही उतरविण्यात आली. परिणामी तेथेही जुनीच चालू झाली! तोटा ४६ कोटी डॉलरांहून अधिक झाला. पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये रोखे व विनिमय आयोगाने १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड केला, पण तोवर त्या पेढीचे स्वतंत्र अस्तित्व दुसऱ्या पेढीत विलीन होऊन संपले होते.

असा निरुपयोगी भाग यंत्राकडूनच शोधून घेता येणार नाही काय? काही अंशी येतो. आज्ञावलीच्या प्रारंभापासून जेथे जेथे पोचता येते तेथे खूण करीत जावयाचे. ज्या भागास खूण लागली नाही तो मृत समजावयाचा. यंत्रभाषेत रूपांतर करणारे कंपायलर असे भाग आपणहून गाळतात. कधी ते गाळू नये तेही गाळतात: काम संपल्यावर स्मृतीतील गुप्त शब्दावर शून्ये लिहिण्याची आज्ञा, ती शून्ये पुढे कोणी वाचत नाही म्हणून निरर्थक ठरते व वगळली जाते, गुप्त शब्द स्मृतीत तसाच राहतो. सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणात यासाठी न गाळली जाणारी वेगळी आज्ञा द्यावी लागली.

पॉवर पेगला मात्र या कसोटीने मृत ठरविता आले नसते. तिच्यापर्यंत जाणारी वाट खुली होती. यंत्राच्या हिशेबी ती जिवंतच होती. तिचा वापर सुटला आहे हे आज्ञावलीत कोठेही लिहिलेले नव्हते. ते २००३ मध्ये तो निर्णय घेणाऱ्या माणसांना ठाऊक होते.