अर्धा सिंधुदुर्ग झाकणारी पॅनेलं

मालवणातल्या एखाद्या माडाच्या आगरात जा, तिथे विहीर असणारच. ती चार मीटर रुंद आणि आत पाच मीटर पाणी, असं धरू. झालं की 63 हजार लिटर! एवढं सगळं पाणी दहा मीटर वर चढवायला वीज किती लागेल? पंपात निम्मी वाया गेली तरी साडेतीन युनिट पुरे. फक्त साडेतीन!

आता चाकणला जाऊ. तिथे महिंद्राची बीई 6 ही विजेवरची गाडी तयार होते. तिच्या मोठ्या बॅटरीत 79 युनिट वीज मावते. म्हणजे एकदा चार्ज केलेली ही गाडी आगरात उभी केली, तर तिच्यातल्या विजेवर अशा 23 विहिरी उपसून होतील! एका गाडीच्या बुडाखाली 23 विहिरींचा उपसा दडलाय. कंपनीच्या आकड्यानुसार हीच बॅटरी एका दमात 682 किलोमीटर धावते, म्हणजे मुंबई-पुणे साडेचार वेळा. रस्त्यावरचा आकडा त्याहून कमीच भरणार, तरीही मती गुंग होते.

आणि ताकद? देवगडच्या पवनचक्क्या आठवा. 1980च्या दशकात देशात ज्या पहिल्यावहिल्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांत त्या होत्या. एकेक 55 किलोवॉटची. कड्यावरचं ते उंच, घरघरणारं यंत्र! बीई 6ची मोटर 210 किलोवॉटची आहे. जवळजवळ चार पवनचक्क्या एका गाडीत! अशा बावीसएक गाड्या एकत्र जुंपा, त्यांची ताकद कोकण रेल्वेवर धावणाऱ्या विजेच्या एका इंजिनाइतकी होईल. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा 741 किलोमीटरचा हा मार्ग 2022 पासून पूर्ण विजेवर आहे.

गाड्या बनतात तरी किती? चाकणच्या प्रकल्पाची सुरुवातीची क्षमता वर्षाला 90 हजारांची. बंपरला बंपर लावून उभ्या केल्या तर रांग 393 किलोमीटरची होईल! मुंबईहून निघालेली ही रांग थेट आपल्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावर, खारेपाटणच्या आसपास येऊन थांबेल.

पैशांचा आकडा तर ऐकाच. 14 फेब्रुवारी 2025. बुकिंगचा पहिला दिवस. महिंद्राच्या विजेवरच्या दोन नव्या मॉडेलांसाठी 30,179 नोंदण्या, किंमत 8,472 कोटी रुपये! पाचशेच्या नोटा केल्या तर जवळपास 17 कोटी. सेकंदाला एक या वेगाने, न जेवता, न झोपता मोजत बसलात तर पाच वर्षं आणि चार महिने लागतील. एका दिवसाचं बुकिंग मोजायला पाच वर्षं!

हे का घडलं? बॅटरी स्वस्त झाली म्हणून. 2010 मध्ये एक युनिट साठवणाऱ्या बॅटरीला हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत, 2024 मध्ये ते 115वर आले. डॉलर 85 रुपयांचा धरला, तर 45 युनिटची जी बॅटरी तेव्हा 38 लाखांच्या वर गेली असती, ती आता साडेचार लाखांच्या आत.

आता सगळं जग मोजू. 2024 मध्ये प्लग लावून चार्ज होणाऱ्या 1 कोटी 70 लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सहाही मार्गिकांवर खेटून उभ्या केल्या, तर पहिल्या मजल्यावर मावायच्या नाहीत. एकावर एक असे सुमारे 129 मजले बांधावे लागतील! त्या वर्षी जगभरातली बॅटऱ्यांची मागणी 100 कोटी युनिटांच्या घरात गेली. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या होती 8,49,651. यातल्या तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला स्वतंत्र घर द्या, दर घरी महिन्याला 100 युनिट जाळू द्या, तरी त्या बॅटऱ्या एकदाच भरल्या की वर्ष जवळपास निघून जाईल!

आणि एवढी वीज द्यायला सूर्य आहे. 2024 मध्ये जगात सुमारे 600 गिगावॉटची सौर पॅनेलं बसली. 550 वॉटचं एक, या हिशेबाने 109 कोटी पॅनेलं! टोकाला टोक जोडली तर चंद्रापर्यंत जाऊन-येऊन तीन फेऱ्या, वर आणखी उरतील. जमिनीवर अंथरली तर 2,800 चौरस किलोमीटर. आपला जिल्हा आहे 5,207 चौरस किलोमीटरचा. म्हणजे विजयदुर्गापासून आंबोलीपर्यंत जे जे आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त झाकलं जाईल, तेही एका वर्षाच्या पॅनेलांनी!

या 109 कोटींतली तुमच्या कौलांवर हवीत फक्त सहा. तीन किलोवॉटची ही जोडणी उन्हाच्या दिवशी बारा-तेरा युनिट देते, आणि पंतप्रधान सूर्यघर योजनेत तिला 78 हजारांचं अनुदान आहे. आषाढात ढग दाटतील, वीज कमी मिळेल, पण बाकीचे महिने आपलेच आहेत. अर्ज करा.