लाळ अळणी का असते?

घाम खारट, आसवे खारट. लाळ मात्र अळणी. असे का, हे कुणी विचारत नाही. तोंड कोरडे पडले म्हणजेच लाळेची आठवण होते.

गेल्या उन्हाळ्यात समुद्रपूरच्या माझ्या दवाखान्यात एक आजीबाई आल्या. "डॉक्टरसाहेब, तोंड निरं कोरडं पडते जी. भाकरीचा घास उतरत नाही." त्यांच्याकडे पुन्हा वळू.

लाळ ग्रंथीत तयार होते तेव्हा जवळजवळ रक्तद्रवाइतकीच खारट असते. बारीक नळ्यांतून तोंडाकडे येताना तिच्यातील बरेचसे मीठ परत शोषले जाते. हे काम पेशीच्या आवरणात बसलेले एक विकर, म्हणजे एन्झाइम, चालवते. दर फेरीला ते सोडियमचे तीन कण पेशीबाहेर टाकते, पोटॅशियमचे दोन आत घेते. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंत ते शोधले. १९९७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

लाळग्रंथीत हा पंप नेमका कुठे? विकर काम करताना फॉस्फेट सुटते. ग्रंथीच्या पातळ कापावर ते धातूच्या क्षाराने जागीच पकडले, की सूक्ष्मदर्शकाखाली गडद ठिपके दिसतात. पंप बंद पाडणारे वनस्पतिज विष घातले तर ठिपके उमटत नाहीत. (कुंपणावरच्या पिवळ्या कण्हेरीचे विषही याच पंपावर घाला घालते, लेकरांना तिच्या बिया हाताळू देऊ नका.) ठिपके दाट सापडले ते नळ्यांच्या पेशींत, आणि तेही लाळेच्या नव्हे, रक्ताच्या बाजूला! मला आधी हे उलटेच वाटले. पण पंप मीठ रक्ताकडे फेकतो, पेशीत त्याची तूट पडते, आणि ती भरायला लाळेतले मीठ आत येते.

आता आजीबाई. पिशवीत खाजेच्या गोळ्यांचे पाकीट निघाले. दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने रोज तीन! या गोळ्या मज्जातंतूचा निरोप ग्रंथीपर्यंत पोचू देत नाहीत. मोटर शाबूत, वीज गेलेली. झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही असे होते. मात्र डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नये, त्यांना विचारावे. कोरडेपणासोबत लघवी वारंवार होत असेल, तर रक्तातली साखर आधी तपासावी. आणि तोंड ओले राहावे म्हणून खर्रा चघळणाऱ्यांना काय सांगावे!

गोळ्या थांबवल्यावर आठवडाभरात आजीबाईंना भाकरी गिळता येऊ लागली. लाळेवाचून तोवर दोन दाढा किडल्या होत्या. त्या काढाव्या लागल्या.