दहा हजार रुपये आणि एक झोळी

मुंबईकर वाचकांच्या घरीं सकाळीं नळास जें पाणी येतें, त्याचा मोठा वांटा शहापूर तालुक्यांतून जातो. तानसा धरण १८९२ सालचें, भातसा त्यानंतरचें. याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर वैशाखांत टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात, ही गोष्ट इतक्या वेळां सांगून झाली आहे कीं तिचें आतां कोणास नवल वाटत नाहीं. मी आज पाण्याविषयीं लिहिणार नाहीं. त्या पाड्यांवर माणूस आजारी पडल्यास काय होतें, आणि त्यासाठीं ठेवलेला पैसा कोठें जातो, एवढेंच सांगावयाचें आहे.

शहापूर तालुका संपूर्ण व मुरबाडचीं कांहीं गांवें अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची ही वस्ती. डोंगराळ व आदिवासी भागांत तीन हजार वस्तीस एक उपकेंद्र आणि वीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा नियम आहे. सपाटीवर हेच आंकडे पांच हजार व तीस हजार. नियम करणारांनीं डोंगर ध्यानांत घेतला हें खरें, पण ओढा घेतला नाहीं. आषाढांत ओढा चढला म्हणजे दोन कोसांवरचें केंद्र वीस कोसांवर जातें. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट येते; परंतु ती सडकेपर्यंत. अडलेल्या बाईस सडकेपर्यंत आणावयाचें तें झोळी करून, माणसांच्या खांद्यावर.

२००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें, तेव्हां गांवोगांवीं आरोग्य समिति असावी व तिच्या हातीं वर्षास दहा हजार रुपयांपर्यंत ‘अबंधित निधि’ द्यावा असें ठरलें. शब्द मोठा सुरेख आहे. वरून हुकूम नाहीं. गांवानें आपली नड ओळखावी आणि खर्च करावा. पंधराशें वस्तीच्या गांवांत माणशीं सात रुपयेहि पडत नाहींत. तथापि अपरात्रीं जीप ठरवावयाची तर तेवढ्यानें एक जीव वांचूं शकतो. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामपंचायतींस २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीचा पांच टक्के वांटाहि थेट मिळूं लागला, आणि आरोग्य हा त्यांतील खर्चाचा एक विषय आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं मुरबाडकडील एका ग्रामसभेस मी बसलों होतों. गांवाचें नांव सांगत नाहीं. समितीचा हिशेब वाचला गेला : जंतुनाशक पूड, भिंतीवरील घोषवाक्यें, एक लोखंडी कपाट. घोषवाक्यांतील शुद्धलेखनाच्या दोन चुका मला मास्तरकीच्या खोडीनें आधीं दिसल्या. दाराशीं उभी असलेली कातकरी म्हातारी मागाहून दिसली. तिनें विचारलें, “सुनंला जिपीनं नेली, तिचं भाडं ह्यातनं मिळंल का?”

पोर दगावलें होतें. भाडें वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेऊन दिलें होतें. म्हणजे सारें कुटुंब हंगामभर त्याला बांधलें गेलें. सभा गप्प झाली. मग कोणी म्हणालें, वैयक्तिक खर्च यांत बसत नाहीं. त्यावर गांवची आशा सेविका हळूच उठली आणि म्हणाली कीं, अगदीं गरीब घराच्या दवाखान्याच्या निकडीस हा पैसा वापरतां येतो, नियमांतच तसें आहे. नियमाचें पुस्तक तिच्या पिशवींत होतें. तें आजवर कोणी मागितलें नव्हतें. म्हातारीस भाडें मिळालें, पण पुढच्या वर्षाच्या रकमेंतून.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशीं उमजली. ग्रामसभेचे ठरीव दिवस चार : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेव्हां चारांपैकीं दोन सभांस ज्याला या पैशाची सर्वांत अधिक गरज तोच गांवांत नसतो. पेसा कायद्याखालीं पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागतां येते. ती श्रावणांत, दिवस मावळल्यावर, पाड्यावरच भरली तर रोजहि बुडत नाहीं. २००७ पासून महाराष्ट्रांत आरोग्यसेवेवर लोकांची देखरेख ठेवण्याचा जो प्रयोग झाला, त्याच्या पहिल्या पांच जिल्ह्यांत ठाणें होतें. भर सभेंत अधिकाऱ्यांस गांवकऱ्यांनीं प्रश्न विचारावे ही रीत या भागास अगदींच अपरिचित नाहीं.

आपल्यांपैकीं कित्येकांनीं अलीकडे त्या बाजूस शेतघरें घेतलीं आहेत. घराची राखण करणारें जोडपें बहुधा कोणत्या तरी पाड्यावरचेंच असतें. त्यांच्या गांवच्या समितीच्या खात्यांत काय शिल्लक आहे, एवढें एकदां विचारावें.

त्या गांवीं मी पुन्हां गेलों, तेव्हां शाळेच्या भिंतीवर घोषवाक्याच्या जागीं जीपवाल्याचें नांव व दूरध्वनि क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. त्यांतहि ऱ्हस्वदीर्घाची एक चूक होती. ती मीं दाखविली नाहीं.