बाँडनं माणूस टिकतो का?

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की हॉस्टेलच्या मेसमध्ये दोनच शब्द ऐकू येतात. एक पॅकेज, दुसरा बाँड. पॅकेज मोठ्यानं सांगितलं जातं आणि बाँड हळू आवाजात. "दोन वर्षांचा आहे रे. मध्येच सोडलं तर लाखभर भरायचे." ऐकणारा मान हलवतो आणि वरण वाढून घेतो. या बाँडकडे आपण नेहमी आपल्याच बाजूनं बघतो. आज जरा टेबलाच्या पलीकडे, कंपनीच्या खुर्चीत बसून बघू. आपली सगळ्यात चांगली माणसं सोडून जाऊ नयेत म्हणून मालकानं करायचं तरी काय?

मॅनेजमेंटच्या पुस्तकांत याची उत्तरं मुद्देवार मिळतात, ज्यांना परीक्षेसाठी हवी असतील त्यांनी सीनियरच्या नोट्स गाठाव्यात. मी एक खरी गोष्ट सांगतो. मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये ज्यांनी ८०८५ च्या किटवर हेक्स कोड ठोकले आहेत, त्यांच्या बोटांपर्यंत ती येऊन पोचते.

विल्यम शॉकली हे नाव आपल्याला डायोडच्या समीकरणामुळे माहीत आहे. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतला हा एक. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे त्याची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी सुरू झाली. पैसा आर्नॉल्ड बेकमन या उद्योजकाचा. माणसं पारखण्यात शॉकली मोठा वस्ताद. त्यानं गोळा केलेल्या पोरांत रॉबर्ट नॉइस होता, गॉर्डन मूर होता (हो, मूर्स लॉवालाच), जाँ होर्नी होता. काम त्या काळातलं सर्वांत नवं, आणि बॉस नोबेलवाला. तरीही सप्टेंबर १९५७ मध्ये त्यातले आठ जण एकदम बाहेर पडले.

का? एक किस्सा नेहमी सांगितला जातो. ऑफिसातल्या सेक्रेटरीच्या हाताला दारातून जाताना काहीतरी लागलं. शॉकलीला वाटलं, हा घातपात! सगळ्यांची लाय डिटेक्टरवर तपासणी करायची म्हणून तो हटून बसला. शेवटी निघालं काय, तर दारावर टोचलेली मोडक्या डोक्याची टाचणी. पण माझ्या मते टाचणीपेक्षा मोठं कारण वेगळं होतं. या मंडळींना सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर करायचे होते, आणि शॉकलीनं सगळी शक्ती स्वतःच्या लाडक्या फोर-लेयर डायोडकडे वळवली. दिशा चुकतेय हे काम करणाऱ्यांना दिसत होतं, पण ऐकणारं कुणी नव्हतं.

आता यातला महत्त्वाचा भाग. हे लोक लगेच राजीनामा देऊन मोकळे झाले नाहीत. आधी ते बेकमनकडे गेले. शॉकलीला सल्लागार ठेवा, रोजचा कारभार दुसऱ्या कुणाकडे द्या, एवढंच मागणं. बेकमननं आधी ऐकल्यासारखं केलं, मग पाऊल मागे घेतलं. त्यानंतर त्यांच्यातल्या युजीन क्लायनरनं न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूक कंपनीला पत्र लिहिलं: आम्हा सगळ्यांना एकत्र कामावर घेईल अशी कंपनी मिळेल का? म्हणजे बघा, त्यांना ना एकमेकांना सोडायचं होतं, ना ते काम. ती टीम मालकाला आयती टिकवता आली असती. पुढे शेर्मन फेअरचाइल्ड यांच्या कंपनीनं पैसा दिला आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली. शॉकलीची लॅब कधी नफ्यात आलीच नाही. १९६० मध्ये बेकमननं ती विकून टाकली.

साधारण याच सुमारास फ्रेडरिक हर्झबर्ग नावाचा मानसशास्त्रज्ञ पिट्सबर्ग भागात दोनशेच्या आसपास इंजिनियर आणि हिशेबनीस यांना विचारत फिरत होता, की कामावर तुम्हाला खूप बरं कधी वाटलं आणि खूप वाईट कधी? १९५९ मध्ये त्याचं पुस्तक आलं. वाईट वाटण्याच्या आठवणींत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार असल्या गोष्टी जास्त. बरं वाटण्याच्या आठवणींत मात्र काम तडीस गेलं, कुणी त्याची दखल घेतली, जबाबदारी मिळाली, असं काही. त्याचं म्हणणं, हे एकाच पट्टीचे दोन टोक नाहीत, या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. मेसचं जेवण बिघडलं की आपण रेक्टरकडे मोर्चा नेतो, पण जेवण चांगलं आहे म्हणून कुणी एम-थ्री मध्ये सुटत नाही! पगाराचंही तसंच. कमी असला तर माणूस जातो, पण नुसता भरपूर असला म्हणून तो जीव ओतून काम करेल असं नाही. (हर्झबर्गवर टीकाही झाली. यशाचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि अपयश कंपनीवर ढकलतो, मग अशी उत्तरं येणारच, असं टीकाकार म्हणाले. त्यातही तथ्य आहे.)

तर फेअरचाइल्ड. इथे कामाचं सुख भरपूर होतं. १९५९ मध्ये होर्नीची प्लेनर प्रोसेस झाली, नॉइसचा इंटिग्रेटेड सर्किटचा शोध झाला. पण त्याच वर्षी मूळ कंपनीनं करारातला हक्क वापरून या आठ जणांचा हिस्सा विकत घेतला. पैसे चांगले मिळाले, पण कालपर्यंतचे भागीदार आज नोकर झाले. नफा कॅलिफोर्नियात कमवायचा आणि निर्णय न्यूयॉर्ककडे व्हायचे. खालच्या इंजिनियरना शेअर देण्याबाबत वरच्यांचा हात आखडता. एकेक करून माणसं गळायला लागली. १९६८ मध्ये मूळ कंपनीच्या प्रमुखपदासाठी नॉइसला डावललं गेलं. तो आणि मूर बाहेर पडले आणि त्यांनी इंटेल काढली. मग फेअरचाइल्डनं मोटोरोलामधून लेस्टर होगन यांना इतक्या प्रचंड रकमेवर आणलं की तिथल्या इंजिनियरांनी 'होगन' हे पगार मोजायचं एककच करून टाकलं! घरच्या माणसाला द्यायला जे नव्हतं ते बाहेरच्यासाठी निघालं. ही चूक आजही सर्रास होते. जुन्याला सात-आठ टक्के वाढ देताना खळखळ करायची, आणि तो गेला की त्याच कामाला दीडपट पगारावर नवा आणायचा.

इंटेल शहाणी झाली होती. शेअरचा वाटा खालपर्यंत दिला, साहेबी थाट कमी ठेवला. तरी तिलाही चटका बसलाच. फेअरचाइल्डमध्ये सिलिकॉन गेटचं तंत्र विकसित करणारा फेदेरिको फाजिन १९७० मध्ये इंटेलमध्ये आला. पहिला मायक्रोप्रोसेसर ४००४ त्यानं तडीस नेला आणि चिपच्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरं 'एफ. एफ.' कोरून ठेवली. पुढे १९७४ चा ८०८० सुद्धा त्याच्याच हाताखाली झाला. पण इंटेलचा मुख्य धंदा तेव्हा मेमरीचा, प्रोसेसर हे जोडकाम. त्याच वर्षी फाजिन गेला आणि त्यानं झायलॉग काढली. ८०८० वर काम केलेला मासातोशी शिमाही तिकडे गेला. १९७६ मध्ये त्यांचा झेड-८० आला, आणि ८०८० साठी लिहिलेले प्रोग्राम त्यावर सरळ चालत! आपल्या लॅबमधला ८०८५ हा घरी राहिलेला भाऊ, आणि झेड-८० म्हणजे वाटणी मागून वेगळा निघालेला.

अशा वेळी मालकाला वाटतं, कायद्यानंच बांधून ठेवावं. इथे एक गंमत आहे. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नको, अशी अट कॅलिफोर्नियात चालत नाही. तो नियम तिथे १८७२ पासून आहे. आपल्या भारतीय करार कायद्याचं २७ वं कलमही १८७२ चंच, आणि दोन्हींचं मूळ एकच, न्यूयॉर्कसाठी डेव्हिड डडली फील्ड यांनी केलेला संहितेचा मसुदा. म्हणून ते आठ जण उघडपणे जाऊ शकले. प्रशिक्षणाच्या किंवा भरतीच्या खर्चापोटीचा बाँड ही वेगळी गोष्ट. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेची, तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. म्हणजे बाँड हसण्यावारी नेऊ नका.

पण मालकानं हेही बघावं की बाँड कुणाला धरून ठेवतो. ज्याला बाहेर चटकन दुसरी नोकरी मिळते, त्याचे पैसे नवी कंपनीसुद्धा भरते. राहतो तो ज्याला कुठे जाता येत नाही. चाळणी उलटी लागते! शिवाय अडकलेला माणूस तारखा मोजतो, हे आठव्या सेमिस्टरच्या कुठल्याही पोराला विचारा.

आपल्याकडची उदाहरणंही आहेत. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू करणारे सातही जण पटणी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेले. पुढे १९९० च्या दशकात याच मंडळींनी आपल्या कर्मचाऱ्यांना मोठ्या प्रमाणावर शेअर दिले. आयबीएमनं तर १९६० च्या दशकातच फेलो ही पायरी केली, म्हणजे उत्तम इंजिनियरला मान वाढवण्यासाठी मॅनेजर व्हायची सक्ती नको. (चांगला डिझायनर घालवून वाईट मॅनेजर मिळवणं, हा आपल्याकडे प्रमोशनचा सर्वमान्य अर्थ आहे.) आणि कॉलेजांचं काय? तासिका तत्त्वावरचा एखादा सर मन लावून शिकवतो, पोरं त्याच्या लेक्चरला बसतात, आणि पुढच्या वर्षी ऑर्डर निघेल का हे त्यालाच माहीत नसतं. असा सर कंपनीत गेला तर निरोपसमारंभात आपण गुच्छ देतो.

बहुतेक कंपन्या माणसाला 'काय खुपतंय?' हे विचारतात तेव्हा त्याचा राजीनामा टेबलावर असतो. तीन महिन्यांचा नोटिस पीरियड सुरू असतो, मग पगार वाढवून देतो म्हणतात. बेकमनकडे ती माणसं राजीनाम्याच्या काही महिने आधी आपणहून आली होती.

पुढच्या प्री-प्लेसमेंट टॉकला बाँड किती वर्षांचा, हे कुणीतरी विचारेलच. तुम्ही दुसरा प्रश्न विचारून बघा. तीन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजमधून जे घेतले त्यांतले आज किती जण तुमच्याकडे आहेत, आणि ते नेमकं काय काम करतात? एचआरच्या मॅडम आकडा सांगतात, की प्रोजेक्टर बंद करून 'चला, टेस्ट सुरू करू या' म्हणतात, तेवढं लक्ष ठेवा.