तळ्यात दाटी, दवाखान्यात अडचण
जितके मासे जास्त, तितका नफा जास्त, हे गणित शेततळ्यात फसते. कटला, रोहू, मृगळ यांच्या मिश्र संवर्धनात हेक्टरी साधारण ५,००० ते १०,००० बोटुकली सोडतात. त्याहून दाटी केली, की विष्ठा व उरलेल्या खाद्यातून अमोनिया वाढतो. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात. अशक्त माशांत रोग झपाट्याने पसरतो आणि प्रतिजैविके वापरली जातात. त्यातून तगलेले जिवाणू औषधाला दाद देत नाहीत. हा गुण माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंकडेही जाऊ शकतो. मग वॉर्डातल्या रुग्णाला तेच औषध लागू पडत नाही. नीट शिजवल्याने जिवाणू मरतात. औषधाचा अंश जाईलच असे नाही. म्हणून उपाय तळ्यातच हवा: बोटुकली मोजूनच सोडा.